घरातलं पाणी नेमकं कुठून बंद करायचं?

रातांबा

काल दुपारची गोष्ट. आमचं घर गोव्यात म्हार्दोळला, जुनं, चिऱ्यांचं. बेसिनखालचा अँगल कॉक आठवडाभर पाझरत होता, म्हणून मी तो जरा आवळायला गेलो आणि तो मुळातून तुटून हातात आला. पाणी थेट समोरच्या भिंतीवर. धावत अंगणात जाऊन मीटरजवळची चावी घट्ट बंद केली. आत येऊन बघतो तर पाणी तसंच. विहिरीचा पंप बंद केला, तरी तसंच.

मग लक्षात आलं की हे सगळं पाणी वरच्या टाकीतून येतंय. टाकी न्हाणीघराच्या स्लॅबवर, शिडी शेजाऱ्यांची, आणि ते लग्नाला माशेलला गेलेले. शेवटी टाकी रिकामी होईपर्यंत मी आणि आई बादल्या लावत राहिलो. उकड्या तांदळाचं अर्धं पोतं भिजलं.

मी पणजीला असतो, शनिवारी-रविवारी घरी येतो. एरवी आई एकटी असते, वय ७२. काल मी नसतो तर तिने काय केलं असतं हा विचार रात्रभर डोक्यात होता. वडील होते तेव्हा हे सगळं त्यांना पाठ होतं. ते गेले आणि त्यांच्याबरोबर ही माहितीही गेली.

मला दोन गोष्टी हव्यात. कुठली चावी काय बंद करते हे शोधायचं कसं? आणि आईला एका जागी, शिडी न चढता पाणी बंद करता येईल अशी सोय होते का?

हुमण

मीटर बंद केलंत ते चुकलं नाही. पण टाकीच्या घरात मीटर म्हणजे फक्त टाकी भरायची वाट. टाकीत आधीच आलेल्या हजार लीटरला मीटर कसं अडवणार?

अर्धा_इंच

मी बार्देशात २२ वर्षं नळकाम करतोय. अशा फोनवर मी आधी एकच विचारतो, "टाकीखालची चावी कुठाय?" दहापैकी आठ घरांत उत्तर मिळत नाही.

आपल्याकडे बहुतेक घरांत दोन वेगळ्या वाटा असतात. सरकारी नळाची एक लाईन मीटरमधून येते. तिचा एक फाटा कधीकधी स्वयंपाकघरातल्या एका नळाला थेट जातो, पिण्याच्या पाण्यासाठी. उरलेली वर टाकीत जाते आणि तिथे बॉल कॉक असतो, टाकी भरली की पाणी आपोआप थांबवणारा. विहीर असेल तर पंपाची लाईनही त्याच टाकीत पडते. टाकीतून मग खाली दोन, तीन, कधी चार पाईप उतरतात: न्हाणीघर, स्वयंपाकघर, संडास, सोलर.

शोधायचं असं. एक माणूस घरात, एक बाहेर, दोघांचे फोन चालू. आधी मीटरची चावी बंद करा आणि घरातला एकेक नळ उघडून बघा. जो थोडा वेळ थेंबथेंब गळून थांबतो तो थेट लाईनवर. जो तसाच वाहतो तो टाकीवर. मग टाकीखालची एकेक चावी बंद करायची आणि खालच्याने ओरडून सांगायचं काय थांबलं. अर्ध्या तासाचं काम आहे. जे कळेल ते तिथल्या तिथे लिहून ठेवा, उद्यावर टाकलं की विसरतं.

मीटरजवळ दोन चाव्या दिसल्या तर मीटरनंतरची, घराकडची, ती आपली. आधीची पाणीपुरवठा खात्याची. ती गंजलेली असेल तर पाना लावून जोर करू नका. ती तुटली तर मुख्य लाईनचा दाब थेट अंगावर येतो आणि मग खात्याचा माणूस येईपर्यंत हातात काही उरत नाही.

आणि काल तुम्ही पंप बंद केलात ते फार महत्त्वाचं होतं. ज्यांचा पंप ऑटोमॅटिक आहे त्यांनी हे लक्षात ठेवा. टाकी उतरायला लागली की पंप आपोआप सुरू होतो. इकडे घरात तळं आणि तिकडून विहीर त्यात भर घालते.

सोलकढी

आमच्या घरी असंच झालं होतं तेव्हा मी वरून ओरडले, "बाळा, चावी बंद कर!" माझा सहा वर्षांचा मुलगा गेला आणि कपाटाला कुलूप लावून चावी आणून दिली. :) त्या दिवसापासून आमच्याकडे तिला "पाण्याचं चाक" म्हणतात.

रातांबा, आईंना सांभाळा. माझी सासू अशाच ओल्या लादीवर घसरली होती. पाणी वाहत असेल तर वाहू दे, पण म्हाताऱ्या माणसाने पुसायला धावू नये, हे आधी सांगून ठेवा.

मांडवीकाठ

फ्लॅटवाल्यांचं दुखणं वेगळं आहे. आमच्या इमारतीत गच्चीवर टाकीखाली चाव्यांची ओळच आहे. मोजल्या तर २४ निघाल्या आणि एकीवरही नाव नाही. चौथ्या मजल्यावर गिझरचा पाईप सुटला तेव्हा आम्ही तिघे वर जाऊन एकेक बंद करत होतो. चुकून एका आजींचं पाणी बंद झालं, त्या अंगाला साबण लावून उभ्या. ज्याचं घर बुडत होतं त्याची चावी २१वी निघाली.

पुढच्या रविवारी सगळ्या सभासदांना घरी थांबायला सांगितलं आणि अर्धा_इंच म्हणतात तसंच फोनवरून एकेक लाईन लावली. ऑइल पेंटने भिंतीवर फ्लॅट क्रमांक लिहिले. चिकटपट्टी लावू नका, आपल्या पावसात ती एक जूनही काढत नाही. नंतर कळलं की डक्टमध्येही, म्हणजे पाईप जातात त्या उभ्या पोकळीत, प्रत्येक फ्लॅटला स्वतंत्र चावी आहे, पण दोघांनी न्हाणीघराचं नूतनीकरण करताना त्यावर टाईल्स बसवून टाकल्या होत्या.

भाड्याने राहणाऱ्यांना माझं सांगणं, घराची किल्ली हातात घेताना मालकाला दोनच ठिकाणं दाखवायला सांगा, विजेचा मेन आणि पाण्याची चावी.

चिरेबंदी

अर्धा_इंच यांचं पटलं, पण एक सांगतो. "एकेक चावी बंद करून बघा" हे जुन्या घरात जपून. आमच्याकडे डिचोलीला टाकीखाली पितळी गेट व्हॉल्व्ह होते, गोल चाकाचे, पंधरा वर्षांत कोणी हात न लावलेले. मी उत्साहाने फिरवला, चाक फिरत राहिलं आणि पाणी चालूच. आतली दांडी तुटली होती आणि फळी तिथेच अर्धवट अडकली. ना धड चालू ना धड बंद. चाचणी करायला गेलो आणि सणाच्या आदल्या दिवशी घर बिनपाण्याचं झालं.

चिऱ्याच्या जमिनीतलं विहिरीचं पाणी बऱ्याच ठिकाणी जरा आम्लधर्मी असतं, लोखंडी पाईप खातं. वर गंजाचा लाल गाळ. त्यामुळे आपल्याकडे न फिरवलेली चावी ही नसलेल्या चावीसारखीच धरून चालावं.

अर्धा_इंच

चिरेबंदी, तुमचं म्हणणं बरोबर आहे, मी ते लिहायला हवं होतं. जुना गेट वॉल असेल तर आधी दांडीच्या मुळाशी तेल सोडा, तासभर थांबा, मग थोडं पुढे थोडं मागे असं करत न्या. अडला तर सोडून द्या. आणि चाचणी सोमवारी सकाळी करा, दुकानं उघडी असताना. सणाच्या आदल्या दिवशी किंवा रविवारी संध्याकाळी नको.

नवीन बसवायचा असेल तर टाकीखाली बॉल वॉलच बसवा, लांब दांडीचा. पाव फेरा दिला की काम झालं. दांडी पाईपच्या रेषेत असली तर चालू, आडवी असली तर बंद. अंधारातही हाताला कळतं. गेट वॉलमध्ये चाक बघून कधीच कळत नाही की तो चालू आहे की बंद.

पाणंद

ज्यांची चावी सापडतच नाही किंवा तुटली आहे त्यांच्यासाठी, आमच्या पेडण्याच्या घरी वडिलांनी केलेला उपाय. घरातला सगळ्यात खालचा नळ, म्हणजे अंगणातला, झाडांना पाणी घालायचा, पूर्ण उघडा. त्याच लाईनवर असेल तर निम्म्याहून जास्त पाणी तिकडून जातं आणि फुटक्या जागचा जोर लगेच कमी होतो. घरात जाणारं पाणी माडांच्या मुळाशी जातं.

दुसरं, कोणी वर चढू शकत असेल तर टाकीच्या आतून पाईपच्या तोंडावर कापड गुंडाळलेलं लाकडी बूच दाबायचं. वरच्या पाण्याच्या वजनानेच ते घट्ट बसतं. आणि पाईपला चीर गेली असेल तर सायकलची ट्यूब ताणून गुंडाळून वर क्लॅम्प किंवा सुंभ. एक रात्र निघते.

कुळागर

सगळे नळाचं बोलताहेत, विजेचं कोणीच बोललं नाही. फवारा स्विचबोर्डाकडे किंवा वॉशिंग मशीनकडे जात असेल तर आधी विजेचा मेन पाडा, मग पाण्याकडे बघा. मेनपर्यंत पाण्यातून जावं लागत असेल तर जाऊच नका, सरळ बाहेर पडा. हा क्रम आईंच्या मनात पक्का बसवा.

आणि पाणी बंद केलं की गिझर बंद. टाकी रिकामी झाली आणि तो तसाच चालू राहिला तर कॉईल कोरडी तापून जळू शकते. पुन्हा सुरू करताना आधी गरम पाण्याचा नळ उघडून अखंड धार येऊ द्या, मगच बटण दाबा.

वळेसर

मला आठवतो तो २०१९ चा ऑगस्ट. खांडेपारला ओपाच्या पाणी प्रकल्पाहून येणारी मोठी जलवाहिनी फुटली आणि तिसवाडी, फोंडा कित्येक दिवस कोरडे पडले. भर पावसाळ्यात, बाहेर धो धो पाऊस आणि नळाला थेंब नाही. आम्ही तेव्हा ताळगावला तळमजल्यावर राहत होतो. पाणी आलं का बघायला दर तासाला कोणीतरी नळ उघडायचं आणि तसाच सोडून द्यायचं. आम्ही दोन दिवसांसाठी माहेरी साखळीला गेलो, तिकडे अंघोळी-कपडे तरी होतील म्हणून. आमच्या मागे रात्री पाणी आलं. स्वयंपाकघरातला थेट लाईनचा नळ उघडा होता आणि सिंकमध्ये भांडं आडवं. परत आले तेव्हा दाराखालून पाणी बाहेर येत होतं. मुलीची सगळी वह्या-पुस्तकं खालच्या कप्प्यात होती.

म्हणून मी म्हणते, पाणी नसताना घर सोडायचं असेल तर मीटरची चावी बंद करूनच निघावं. कोरडा नळ उघडा आहे की बंद हे नुसतं बघून कळत नाही.

हुमण

+१. आणि पाणी परत आलं की चावी एकदम उघडू नका. आधी एक नळ उघडा ठेवून हळूहळू. पाईपातली हवा आधी निघायला हवी, नाहीतर धडधड आवाज होतो आणि जुने सांधे हलतात. पहिलं लाल पाणी फिल्टरमध्ये जाऊ देऊ नका.

मांडवीकाठ

विषयांतर करतो. तुम्ही सगळे चावी म्हणताय, अर्धा_इंच वॉल म्हणतात, माझे बाबा "कॉक" म्हणतात, आणि आमच्या सोसायटीचा राखणदार "पाण्याचो स्विच"! प्लंबरला फोनवर काय सांगायचं?

अर्धा_इंच

काहीही सांगा, फोटो पाठवा. :) आम्ही भिंतीवर असतो त्याला नळ, बेसिनखाली-फ्लशखाली असतो त्याला अँगल कॉक आणि लाईनमध्ये असतो त्याला वॉल म्हणतो. "चावी" जुन्या लोकांकडून ऐकतो, कारण पूर्वी मोठ्या लाईनच्या खड्ड्यातली खरोखर लांब लोखंडी चावी घालून फिरवायचे.

दर्यावर्दी

मी जहाजावर असतो, वर्षातले सात-आठ महिने कुडचड्याचं घर बंद. जहाजावर प्रत्येक चावीला क्रमांक आणि नाव असतं, ती कुठल्या टाकीची, कुठे जाते, सगळं. नवीन माणूस चढला की त्याला आधी त्या फिरून दाखवतात. घरी मात्र पहिली दहा वर्षं मी हे कधी केलं नाही. एकदा बंद घरात फ्लशच्या टाकीची प्लास्टिकची नळी तडकली. शेजाऱ्यांना कळलं ते पंप दिवसभर चालू-बंद होताना ऐकून.

आता निघताना मीटर बंद, पंपाची वीज बंद, टाकीखालची चावी बंद, आणि मग खालचा एक नळ उघडून पाईप रिकामे करतो. नळ परत बंद करायला विसरत नाही. एक छापील कागद कपाटाच्या दाराच्या आतून लावलाय, त्यात कुठली चावी कुठे ते काढलंय. त्याची एक प्रत शेजारी दिली आहे.

सोलकढी

दर्यावर्दी, सगळं बंद केलं तर तुळशीला पाणी कोण घालतं?

दर्यावर्दी

शेजारच्या काकी, विहिरीवरून कळशीने. त्यांच्यासाठी रहाट आणि दोर नीट करून जातो.

चिरेबंदी

रोजच्या रोज बाहेर पडताना पाणी बंद करायचं या मताचा मी नाही. काही जण तसं करतात. त्याने प्लास्टिकचे सांधे ढिले होतात असा माझा अनुभव आणि एक दिवस विसरायला होतंच. दोन दिवसांपेक्षा जास्त जाणार असाल तर जरूर करा.

वळेसर

मी मात्र रात्रभरासाठीसुद्धा करते. ज्याचं घर एकदा बुडालं त्याला हे सांगून पटत नाही, चिरेबंदी.

कुळागर

गळती आहे की नाही हे कळायला सोपं. सगळे नळ बंद करा, टाकी पूर्ण भरलेली असू द्या, म्हणजे बॉल कॉकनेही पाणी थांबलेलं असेल. मग मीटरच्या काचेत बघा. लहान चक्री फिरत असेल तर कुठेतरी पाणी जातंय. २०२१ मध्ये महिन्याला १६,००० लीटरपर्यंत मोफत पाण्याची योजना आली, तेव्हा मी पहिल्यांदा मीटर वाचायला शिकलो. आमचा आकडा काही केल्या खाली येईना. शेवटी चक्रीवरून कळलं, मीटर ते घर या मधल्या जमिनीतल्या पाईपला माडाच्या मुळांनी फोडलं होतं. वर कायम हिरवंगार गवत, आणि आम्ही कौतुकाने बघायचो.

फ्लशसाठी वेगळी युक्ती. टाकीत चिमूटभर हळद कालवून अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात पिवळी रेघ आली की खालचा वॉशर गेला.

रातांबा

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी सुट्टी काढून गावी आलो, प्लंबरला बोलावलं आणि दोन्ही कामं केली.

टाकीखाली तीन पाईप निघाले. पहिला न्हाणीघर आणि बेसिन. दुसरा स्वयंपाकघर. तिसरा सोलरला, आणि त्याच्यावर चावीच नव्हती. म्हणजे त्या दिवशी मी वर चढलो असतो आणि दोन्ही चाव्या बंद केल्या असत्या, तरी गरम पाण्याच्या बाजूने मिक्सरमधून (गरम-गार पाणी एकत्र येतं त्या नळातून) पाणी येतच राहिलं असतं. हे मला कधीच सुचलं नसतं.

मीटरपासून येणारी लाईन मागच्या पडवीतून जाते, तिच्यावर वडिलांनी एक चावी बसवली होती. आईला ती माहीत होती! ती म्हणाली, "तुझे बाबा चतुर्थीला माटोळी (गणपतीवर टांगतात ती फळापानांची आरास) बांधायच्या आधी पडवी धुवायचे तेव्हा ती फिरवायचे." मी तिला कधी विचारलंच नव्हतं. वडिलांबरोबर सगळं गेलं असं मी धरून चाललो, आणि ते तिच्याकडे होतं.

आता टाकीचे तिन्ही पाईप खाली पडवीत एकाजागी आणून, आईच्या खांद्याच्या उंचीवर, तीन बॉल व्हॉल्व्ह बसवलेत. वरच्या बाजूलाही तिन्हींवर चाव्या आहेत, कारण मधला उतरता पाईप फुटला तर खालच्या चाव्यांचा उपयोग नाही, असं प्लंबर म्हणाला. पंपाचा स्विच पडवीतच होता. म्हणजे आईला मीटरची लाईन, टाकीचे तीन पाईप आणि पंप, सगळं एका भिंतीवर.

दांड्या तिने स्वतः तीन वेळा बंद-चालू करून बघितल्या. पहिला बॉल व्हॉल्व्ह नवा म्हणून फार घट्ट होता, तिच्या मनगटाला झेपेना. प्लंबरने तो बदलून दुसरा, लांब दांडीचा बसवला.

पाणंद

फार बरं वाटलं वाचून. अंगणातला नळ कुठल्या पाईपवर आहे तेही बघून ठेवलंत का?

रातांबा

पहिल्यावर, न्हाणीघराच्या. तेही लिहिलंय. आईने नावं कुंकवाने लिहू म्हटलं, शेवटी लाल ऑइल पेंट आणला. अक्षर तिचंच.

अर्धा_इंच

छान काम झालं. महिन्यातून एकदा भिंतीवरच्या चारही चाव्या फिरवून ठेवायला सांगा, म्हणजे जाम होणार नाहीत. आणि चतुर्थीच्या आधी घर रंगवायला काढाल तेव्हा रंगाऱ्याला तेवढी भिंत सोडायला सांगा. आईंची अक्षरं रंगाखाली जायला नकोत.